सोलापूरचे खासदार पां. ना. राजभोज : चार पर्व, तीन वळणे

स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसने लोकसभेच्या ४८९ पैकी ३६४ जागा जिंकल्या. पंडित नेहरूंच्या नावाची लाट देशभर होती. त्या लाटेत भले भले वाहून गेले. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर उत्तर मुंबई मतदारसंघात सुमारे चौदा हजार मतांनी पराभूत झाले. त्यांना हरविणारे काँग्रेसचे उमेदवार नारायणराव काजरोळकर हे तुलनेने अप्रसिद्ध गृहस्थ होते. सोलापूर मतदारसंघाने मात्र या लाटेला दाद दिली नाही. येथून लोकसभेवर दोन सदस्य निवडून जायचे होते आणि दोन्ही जागा काँग्रेसच्या हातून गेल्या. एका जागेवर शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे विजयी झाले. दुसऱ्या, राखीव जागेवर बाबासाहेबांच्याच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे सरचिटणीस पांडुरंग नथुजी राजभोज निवडून आले.

नेता पराभूत आणि सरचिटणीस विजयी, असा हा विलक्षण योग होता. त्याहून विलक्षण गोष्ट पुढच्या दहा वर्षांत घडली. काँग्रेसविरुद्ध लढून सोलापूरचे प्रतिनिधित्व करणारे हे दोन्ही खासदार कालांतराने काँग्रेसमध्ये गेले. राजभोज १९५७ मध्ये काँग्रेसचे सदस्य म्हणून राज्यसभेत बसले, तर शंकरराव मोरे १९६२ मध्ये काँग्रेसच्याच उमेदवारीवर पुण्यातून लोकसभेवर निवडून आले.

आयाराम-गयाराम हा शब्दप्रयोग भारतीय राजकारणात रूढ झाला तो १९६७ नंतर. त्यापूर्वीच्या पिढीतील पक्षांतरांना तो जसाच्या तसा लावता येईल काय, हा प्रश्न राजभोज यांच्या चरित्राच्या निमित्ताने विचारण्याजोगा आहे. कारण त्यांचा प्रवास एका वळणाचा नाही. आंबेडकरांकडून गांधीजींकडे, गांधीजींच्या चळवळीकडून पुन्हा आंबेडकरांकडे आणि अखेरीस काँग्रेसकडे, अशी तीन वळणे त्यात आहेत. या प्रत्येक वळणावर अस्पृश्य समाजाच्या राजकारणातील एक मोठा प्रश्न उभा आहे.

चवदार तळे ते काळाराम मंदिर

राजभोज यांचा जन्म १९०५ मध्ये नाशिक जिल्ह्यात, चर्मकार समाजातील कुटुंबात झाला. त्यांची कर्मभूमी मात्र पुणे ठरली. पुण्यात त्या काळी शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी अस्पृश्योद्धाराच्या कामाची पायाभरणी केलेली होती. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचा वारसा आणि महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनचे कार्य या शहराला परिचित होते. अशा वातावरणात तरुण राजभोज सार्वजनिक कामात पडले. 'दलित बंधू' हे पत्र त्यांनी चालविले. लेखणी, सभा आणि सत्याग्रह या तिन्ही क्षेत्रांत ते वावरत होते.

१९२७ हे वर्ष त्यांच्याही आयुष्यात महत्त्वाचे ठरले. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली ऐतिहासिक सत्याग्रह झाला. पुढे डिसेंबरमध्ये त्याच ठिकाणी सत्याग्रह परिषद भरली. २५ डिसेंबर १९२७ रोजी या परिषदेत मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. त्यासंबंधीचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला आणि त्याला अनुमोदन दिले ते राजभोज यांनी. मांडणारे ब्राह्मण आणि अनुमोदन देणारे चर्मकार, हा तपशील पुष्कळ काही सांगून जातो. बाबासाहेबांची चळवळ एकाच जातीपुरती नाही, हे त्या दोन नावांनी दाखवून दिले. राजभोज त्या वेळी अवघे बावीस वर्षांचे होते.

दोन वर्षांनी, ऑक्टोबर १९२९ मध्ये, पुण्याच्या पर्वतीवरील मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे आणि राजभोज हे त्याच्या अग्रभागी होते. एस. एम. जोशी यांच्यासारखे सवर्ण तरुणही त्यात सामील झाले. सत्याग्रहींवर दगडफेक झाली आणि जखमी झालेल्यांत राजभोज होते. पर्वतीचे दरवाजे काही उघडले नाहीत. मात्र पुण्यातील सुधारकांच्या बोलण्यात आणि वागण्यात किती अंतर आहे, याचे दर्शन या निमित्ताने सर्वांना घडले.

पर्वतीचा अनुभव ताजा असतानाच नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह उभा राहिला. २ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये प्रचंड मिरवणूक निघाली. दुसऱ्या दिवसापासून मंदिराच्या चारही दरवाजांवर सत्याग्रहींच्या तुकड्या बसल्या. त्यांतील एका तुकडीचे नेतृत्व राजभोज यांच्याकडे होते. पुढे दादासाहेब गायकवाड यांनी हा लढा पाच वर्षांपर्यंत नेटाने चालविला. महाड, पर्वती आणि नाशिक या तिन्ही लढ्यांत आघाडीवर दिसणारी माणसे मोजकी आहेत. राजभोज हे त्यांपैकी एक. पुढील काळात त्यांच्यावर झालेल्या टीकेचा विचार करताना हा आरंभ विसरून चालणार नाही.

पुणे कराराची सही

या निष्ठेची पहिली कसोटी १९३२ मध्ये लागली. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मागितले होते. ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांनी ऑगस्ट १९३२ मध्ये जाहीर केलेल्या जातीय निवाड्याने ती मागणी मान्य केली आणि प्रांतिक विधिमंडळांत ७१ जागा देऊ केल्या. त्याविरुद्ध महात्मा गांधींनी येरवडा तुरुंगात २० सप्टेंबरपासून प्राणांतिक उपोषण आरंभिले. सारा देश हादरला. चार दिवसांच्या वाटाघाटींनंतर २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, त्याऐवजी संयुक्त मतदारसंघांत १४८ राखीव जागा मिळाल्या. प्रत्येक राखीव जागेसाठी आधी अस्पृश्य मतदारांनी चार उमेदवारांची प्राथमिक निवड करावी आणि त्यांतून सर्व मतदारांनी एकाला निवडावे, अशी तडजोड ठरली.

या करारावर सही करणाऱ्यांत बाबासाहेबांच्या बरोबर एम. सी. राजा, क्रिकेटपटू पी. बाळू, गणेश आकाजी गवई आदी अस्पृश्य नेत्यांची नावे आहेत. त्यांत पां. ना. राजभोज हेही नाव आहे. बाबासाहेबांनी सही केली ती नाइलाजाने. गांधीजींच्या जिवाला धोका पोहोचला असता, तर खेडोपाडी विखुरलेल्या अस्पृश्यांवर त्याचा सूड उगवला गेला असता, याची त्यांना जाणीव होती. राजा, बाळू यांच्यासारख्यांना मात्र संयुक्त मतदारसंघ हाच मार्ग योग्य वाटत होता. राजभोज यांची पुढची वाटचाल पाहता तेही याच विचाराकडे झुकले, असे म्हणावे लागते.

करारानंतर लगेच हरिजन सेवक संघाची स्थापना झाली. घनश्यामदास बिर्ला अध्यक्ष आणि ठक्करबाप्पा सरचिटणीस झाले. मंदिरप्रवेश, विहिरी खुल्या करणे, शिक्षण, वसतिगृहे या कामांना देशभर चालना मिळाली. गांधीजींचे 'हरिजन' साप्ताहिक १९३३ मध्ये पुण्यातूनच निघू लागले. पुणे हे काही काळ या चळवळीचे केंद्रच बनले आणि पुण्यातील एक प्रमुख अस्पृश्य कार्यकर्ते म्हणून राजभोज या प्रवाहाशी जोडले गेले. गांधीजींशी त्यांचा पत्रव्यवहारही होता. ज्याने पर्वतीवर दगड झेलले, त्याला सवर्ण समाजाचे मन बदलू पाहणाऱ्या या मोहिमेची ओढ वाटणे समजण्यासारखे आहे. पर्वतीवर बंद राहिलेले दरवाजे गांधीजींच्या शब्दाने उघडतील, अशी आशा तेव्हा अनेकांना वाटत होती.

याच काळात बाबासाहेबांचा मार्ग मात्र दुसऱ्या दिशेने जात होता. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. महार समाजाने ती उचलून धरली. चर्मकार समाजातील अनेक पुढाऱ्यांना ती मानवली नाही. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध मुंबईत पी. बाळू यांना उभे केले, ते याच विभागणीचा लाभ उठविण्यासाठी. बाळू पराभूत झाले. पण महार आणि चर्मकार यांच्यातील अंतर राजकीय पक्षांच्या सीमारेषेत उतरले, ते येथून. अस्पृश्यांमधील ज्या जाती संख्येने लहान होत्या, त्यांना मोठ्या जातीच्या नेतृत्वाखाली आपले काय होईल, ही शंका होती. काँग्रेसने या शंकेला आश्रय दिला. राजभोज यांचे पहिले वळण समजून घ्यायचे, तर ही पार्श्वभूमी लक्षात घ्यावी लागते.

पुन्हा बाबासाहेबांकडे

दहा वर्षांत चित्र पालटले. पुणे करारातील प्राथमिक निवडणुकीचा उपाय व्यवहारात फारसा उपयोगी पडत नव्हता. अंतिम मतदानात सवर्ण मतदारांची बहुसंख्या निर्णायक ठरत होती. राखीव जागेवर कोण निवडून यावा, हे बहुधा काँग्रेस ठरवीत होती. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले, तेव्हा त्यात अस्पृश्य समाजाचा एकही मंत्री नव्हता. सेवेच्या संस्था होत्या, पण त्यांची सूत्रे सवर्णांच्या हाती होती. स्वतःच्या समाजाचे नेतृत्व करण्याची आकांक्षा असणाऱ्या माणसाला तेथे कार्यकर्त्याची भूमिका मिळे. निर्णय घेण्याचे स्थान मिळत नसे.

जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय पातळीवरील परिषद भरली. तिच्यातून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म झाला. मद्रासचे एन. शिवराज अध्यक्ष झाले आणि सरचिटणीसपदाची धुरा राजभोज यांच्यावर आली. ज्या कार्यकर्त्याने दहा वर्षांपूर्वी आपल्यापासून दूरची वाट धरली होती, त्याला बाबासाहेबांनी नव्या पक्षात इतके मोठे पद द्यावे, ही साधी गोष्ट नव्हती. बाबासाहेबांच्या उदारपणाबरोबर त्यात राजकीय दूरदृष्टीही होती. त्यांचा आधीचा स्वतंत्र मजूर पक्ष प्रामुख्याने महाराष्ट्रापुरता आणि महार समाजापुरता राहिला, असा आक्षेप विरोधक घेत. अध्यक्ष दक्षिणेचा आणि सरचिटणीस चर्मकार समाजाचा, ही रचनाच त्या आक्षेपाला उत्तर होती.

त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि दिल्लीच्या कामात गुंतले. पक्षसंघटनेचा मोठा भार शिवराज, राजभोज आणि प्रांतोप्रांतीच्या कार्यकर्त्यांवर पडला. १९४६ च्या निवडणुकीत फेडरेशनचा दारुण पराभव झाला. देशभरातील प्रांतिक विधिमंडळांत मिळून तिच्या हाती जेमतेम दोन जागा लागल्या. पाठोपाठ मे महिन्यात आलेल्या कॅबिनेट मिशनच्या योजनेत अस्पृश्यांच्या स्वतंत्र प्रतिनिधित्वाची दखलच घेतली गेली नाही.

तेव्हा फेडरेशनने सत्याग्रहाचे हत्यार उपसले. १५ जुलै १९४६ पासून पुण्यात, विधिमंडळाच्या अधिवेशनासमोर, सत्याग्रह सुरू झाला. राजभोज त्याच्या अग्रभागी होते आणि त्यांना अटक झाली. सत्याग्रहींच्या मागण्यांत पुणे कराराचा निषेध होता, तसेच काँग्रेस अस्पृश्यांना नेमके काय देणार याचा खुलासाही त्यांनी मागितला होता. ज्या करारावर राजभोज यांनी १९३२ मध्ये सही केली होती, त्याच कराराविरुद्ध, तो ज्या शहरात झाला त्याच शहरात, चौदा वर्षांनंतर त्यांनी तुरुंगवास पत्करला. राजकीय विरोधकांनी याला विसंगती म्हटले तर नवल नाही. पण कराराचा पुरता अनुभव घेतल्यानंतर मत बदलणारा हा माणूस होता आणि बदललेल्या मताची किंमत त्याने स्वतः मोजली, हेही तितकेच खरे. १९४६ मध्ये काँग्रेस सत्तेच्या उंबरठ्यावर उभी होती. लाभासाठी पक्ष निवडणारा माणूस त्या वर्षी फेडरेशनच्या झेंड्याखाली तुरुंगात गेला नसता.

स्वातंत्र्यानंतरही बाबासाहेबांचा त्यांच्यावरील विश्वास टिकून होता. मे १९५० मध्ये बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी सिलोनला गेले, तेव्हा सोबत माईसाहेब आणि राजभोज होते.

सोलापूरचा कौल

१९५२ च्या निवडणुकीत राजभोज सोलापूरहून उभे राहिले. पुण्याचा हा कार्यकर्ता सोलापूरकरांना सर्वस्वी परका नव्हता, कारण बाबासाहेबांच्या चळवळीचे आणि सोलापूरचे नाते जुने होते. बहिष्कृत हितकारिणी सभेने आपले पहिलेवहिले विद्यार्थी वसतिगृह काढले ते ४ जानेवारी १९२५ रोजी सोलापुरातच. जिवाप्पा ऐदाळे त्याची देखरेख करीत आणि सोलापूर नगरपालिका त्याला दरमहा चाळीस रुपयांचे अनुदान देत असे. गिरणगाव म्हणून वाढलेल्या या शहरात दलित कामगारांची मोठी वस्ती होती. मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा बोलणारा श्रमिक समाज येथे एकत्र नांदत होता. १९३० मध्ये ब्रिटिशांना लष्करी कायदा पुकारायला लावणारे आणि जानेवारी १९३१ मध्ये मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे या चार हुतात्म्यांना मुकलेले हे गाव. स्वातंत्र्यलढ्यात अग्रेसर असूनही काँग्रेसला मुकाट्याने मत देईलच, असा त्याचा स्वभाव नव्हता.

त्यातच ग्रामीण भागात शेतकरी कामगार पक्षाचा जोर होता. केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी बहुजन नेत्यांनी काँग्रेसमधून बाहेर पडून उभारलेला हा पक्ष पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला मोठे आव्हान ठरला होता.

त्या वेळची द्विसदस्य मतदारसंघाची पद्धत आजच्या वाचकाला समजावून सांगावी लागेल. अनुसूचित जातींसाठी राखीव जागा असलेल्या अशा मतदारसंघांतून दोन सदस्य निवडायचे असत. प्रत्येक मतदाराला दोन मते असत, मात्र ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली स्वतंत्र मतपेटी असे आणि मतदार आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकीत असे. फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते. राखीव जागेवरील उमेदवाराला केवळ स्वतःच्या समाजाच्या मतांवर विसंबून चालत नसे. सवर्ण मतदाराने आपले दुसरे मत त्याच्या पेटीत टाकले, तरच विजय शक्य होई. उत्तर मुंबईत बाबासाहेबांना हे दुसरे मत पुरेसे मिळाले नाही. सोलापुरात राजभोज यांना ते मिळाले. शेतकरी, गिरणी कामगार आणि दलित यांच्या असंतोषाचे येथे जे मिश्रण झाले, त्याचे फळ त्यांच्या पदरात पडले.

पहिल्या लोकसभेत फेडरेशनचे केवळ दोन सदस्य होते. एक सोलापूरचे राजभोज आणि दुसरे करीमनगरचे एम. आर. कृष्णा. बाबासाहेब राज्यसभेत गेले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत त्यांनी लोकसभेसाठी पुन्हा प्रयत्न केला, पण तेथेही काँग्रेसचे भाऊराव बोरकर विजयी झाले. म्हणजे पाच वर्षे लोकसभेत फेडरेशनचा आवाज उमटवायचा तो या दोघांनीच. संपूर्ण देशातील दलितांच्या स्वतंत्र राजकारणाचा अर्धा संसदीय भार सोलापूरच्या प्रतिनिधीवर होता, हे आज फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही.

अखेरचे वळण

ही पाच वर्षे पूर्ण होण्याआधीच राजभोज आणि फेडरेशन यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९५५ चा सुमार हा दलित राजकारणात मंथनाचा होता. बाबासाहेबांची प्रकृती ढासळत होती. बौद्ध धर्माच्या स्वीकाराचा निर्णय जवळ येत होता. ऑगस्ट १९५५ मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने विधिमंडळांतील आणि संसदेतील राखीव जागा रद्द कराव्यात, असा ठराव केला. राखीव जागांवर काँग्रेसच्या मर्जीतील माणसे निवडून येतात आणि त्यांचा समाजाला उपयोग होत नाही, हा त्यामागचा अनुभव होता. राज्यघटनेने या जागांना सुरुवातीला दहाच वर्षांची मुदत घातली होती, हेही येथे लक्षात ठेवले पाहिजे.

अशा वातावरणात राजभोज फेडरेशनमधून बाहेर पडले आणि काँग्रेसमध्ये गेले. एप्रिल १९५७ मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबई राज्यातून राज्यसभेवर पाठविले. एप्रिल १९६२ पर्यंत ते तेथे होते. दरम्यान १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षेचा महासोहळा झाला. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी फेडरेशनचे रूपांतर रिपब्लिकन पक्षात झाले. या साऱ्या युगप्रवर्तक घडामोडींच्या वेळी फेडरेशनचा पहिला सरचिटणीस काँग्रेसच्या छावणीत होता. आंबेडकरी जनतेने त्यांना या गोष्टीबद्दल मनापासून क्षमा केली नाही. महाड आणि काळारामच्या आठवणींत त्यांचे नाव येते, पण ते पहिल्या पंक्तीत घेतले जात नाही, याचे कारण हेच.

हे वळण सत्तेच्या मोहाने घेतलेले होते, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. राज्यसभेची जागा हा ढळढळीत लाभ होता आणि टीकाकारांनी त्याकडे बोट दाखविणे स्वाभाविक होते. पण त्या काळाचा विस्तृत पट पाहिला, तर राजभोज एकटे नव्हते. केशवराव जेधे १९५४ मध्येच काँग्रेसमध्ये परतले होते. दाभाडीच्या प्रबंधाने शेतकरी कामगार पक्षाला मार्क्सवादी तत्त्वज्ञानाची जोड देणाऱ्यांत अग्रणी असलेले शंकरराव मोरे हेही त्याच वाटेने गेले. फेडरेशनचे दुसरे खासदार एम. आर. कृष्णा पुढे काँग्रेसचे खासदार झाले. काँग्रेस त्या वेळी केवळ एक पक्ष नव्हता. शासन, योजना, सहकारी संस्था आणि शिक्षणसंस्था यांच्याकडे जाणारे सारे रस्ते त्याच्या अंगणातून जात होते. विरोधी बाकांवर बसून समाजाचे प्रश्न मांडता येत, पण सोडविता येत नाहीत, ही भावना अनेक बहुजन व दलित नेत्यांत बळावली होती. यशवंतराव चव्हाणांनी पुढे बेरजेच्या राजकारणाला जे प्रतिष्ठेचे रूप दिले, त्याची ही पूर्वतयारीच म्हणावी लागेल.

तरीही राजभोज आणि जेधे-मोरे यांच्या पक्षांतरांत एक महत्त्वाचा फरक आहे. जेधे-मोरे परतले ते ज्या समाजाची सत्ता महाराष्ट्रात वाढत होती, त्या समाजाचे नेते म्हणून. काँग्रेसला त्यांची गरज होती. राजभोज ज्या समाजातून आले, त्याची संख्या थोडी आणि मतांची ताकद विखुरलेली. फेडरेशनमध्ये ते सरचिटणीस होते, तेव्हा त्यांच्या शब्दामागे संघटनेचे बळ होते. काँग्रेसमध्ये ते अनेकांतले एक झाले. राज्यसभेची मुदत संपल्यानंतर राष्ट्रीय राजकारणात त्यांचे नाव पूर्वीसारखे ऐकू आले नाही. पक्षांतराने त्यांना पद मिळाले, पण त्यांचे राजकीय वजन घटले, असाच या व्यवहाराचा जमाखर्च निघतो.

एका पिढीचा प्रश्न

बापूसाहेब राजभोज यांचे १९८४ मध्ये निधन झाले. पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, राज्यघटनेच्या बावन्नाव्या दुरुस्तीने पक्षांतरबंदी कायदा आला. पक्ष सोडणाऱ्या लोकप्रतिनिधीचे सदस्यत्व रद्द करण्याची तरतूद त्यात झाली. पक्ष फोडून सरकारे पाडण्याच्या प्रकारांना आळा घालावा, हा त्या कायद्याचा हेतू होता. राजभोज यांच्या पक्षबदलाने कोणतेही सरकार पडले नाही की तरले नाही. मात्र सोलापूरच्या मतदारांनी फेडरेशनच्या हत्तीला दिलेले मत मुदत संपण्याआधीच दुसऱ्या पक्षाच्या खात्यात गेले, ही गोष्ट उरतेच. मतदाराने दिलेला कौल व्यक्तीला असतो की पक्षाला, या प्रश्नाचे उत्तर त्यांना कोणी विचारले नाही. कायद्याने तो प्रश्न पुढे सोडविण्याचा प्रयत्न केला. तो कितपत सुटला, हे गेल्या काही वर्षांतील महाराष्ट्राचे राजकारण पाहणाऱ्या वाचकाला सांगण्याची गरज नाही.

राजभोज यांच्या जीवनाचे मूल्यमापन दोन टोकांच्या मधे करावे लागेल. त्यांच्या साऱ्या वळणांमागे अखंड तत्त्वनिष्ठा होती, असा दावा करता येत नाही. तसेच त्यांना निव्वळ संधिसाधू ठरविणेही न्यायाचे होणार नाही. पर्वतीवर दगड खाणारा, काळारामच्या दरवाजावर बसणारा आणि १९४६ मध्ये तुरुंगात जाणारा माणूस सुखाच्या शोधात नव्हता. दलितांनी सवर्ण समाजाच्या मुख्य प्रवाहात राहून बदल घडवावा, की स्वतंत्र संघटनेच्या बळावर हक्क मिळवावेत, हा त्या पिढीपुढचा खरा प्रश्न होता. गांधी आणि आंबेडकर यांनी त्याची दोन भिन्न उत्तरे दिली. राजभोज यांनी दोन्ही उत्तरे जगून पाहिली आणि कोणत्याही एकावर त्यांचे मन कायमचे स्थिरावले नाही. त्याची किंमत म्हणून दोन्ही परंपरांनी त्यांना आपले मानले नाही. काँग्रेसच्या इतिहासात ते उशिरा आलेले पाहुणे ठरले आणि आंबेडकरी इतिहासात सोडून गेलेले सहकारी.

सोलापूरने द्विसदस्य पद्धतीचा काळ पाहिला. १९६१ च्या कायद्याने ती पद्धत संपुष्टात आली. पुढे जिल्ह्यातील पंढरपूर मतदारसंघ दीर्घकाळ राखीव राहिला आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ च्या निवडणुकीपासून खुद्द सोलापूरची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत उमेदवार कोणत्या पक्षाचा, पूर्वी कोणत्या पक्षात होता आणि उद्या कोठे असेल, ही चर्चा शहरात रंगते. या चर्चेत या मतदारसंघाच्या पहिल्या राखीव प्रतिनिधीचे नाव क्वचितच निघते. राजभोज यांचे जीवन आदर्श म्हणून समोर ठेवण्यासारखे आहे की नाही, याबद्दल मतभेद राहतील. राखीव जागेवरील प्रतिनिधी कोणाला उत्तरदायी असतो, आपल्या समाजाला, आपल्या पक्षाला की त्याच्या पेटीत दुसरे मत टाकणाऱ्या साऱ्या मतदारांना, हा प्रश्न मात्र त्यांच्या कारकिर्दीने १९५२ मध्येच सोलापूरकरांपुढे ठेवला होता. तो आजही तेथेच आहे.